लिलिपुटची आग आणि विनोदाचे प्रकार : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जोनाथन स्विफ्टच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' (१७२६) या कादंबरीवरील माझ्या लेखाबद्दल आपला मुख्य आक्षेप असा, की मी उपरोध, विडंबन आणि प्रहसन यांची सरमिसळ केली आणि लिलिपुट या वीतभर माणसांच्या देशात राणीच्या महालाची आग कादंबरीचा निवेदक-नायक गलिव्हर लघवी करून विझवतो, त्या निव्वळ पाचकळ प्रसंगाला उपरोधाच्या पंक्तीत बसवले. विनोदाचे प्रकार वेगळे ओळखता यावेत, हे मला मान्यच आहे. मात्र एकेका प्रसंगावर एकेका प्रकाराची चिठ्ठी लावून मोकळे होता येते, असे मला वाटत नाही.

पहिल्या भागाच्या पाचव्या प्रकरणात तो प्रसंग ग्राम्यच आहे, याबद्दल वाद नाही. पण सातव्या प्रकरणात हीच लघवी गलिव्हरवरील आरोपपत्राचे पहिले कलम होऊन परत येते : राजवाड्याच्या आवारात मूत्रविसर्जन करणे हा राजद्रोह असताना, आग विझवण्याचे निमित्त करून आरोपीने ते कृत्य द्वेषबुद्धीने व सैतानी हेतूने केले. कायद्याच्या भाषेचे हे विडंबन रंगते ते आधीचा ओंगळ प्रकार आपण पाहिलेला असतो म्हणून. मुलांसाठीच्या अनेक आवृत्त्यांत तो गाळतात, तेव्हा या कलमाचा दंशही जातो. पुढे, ठार मारण्याऐवजी गलिव्हरचे डोळे फोडावेत, अशी दयाळू सूचना त्याचा दरबारातला मित्रच करतो आणि वर म्हणतो, की मंत्र्यांच्या डोळ्यांनी पाहिले म्हणजे पुरे, थोर थोर राजे तरी याहून अधिक काय करतात! आवाज जराही न चढवता हाणलेल्या अशा टोल्यालाच मी उपरोध म्हणतो, आणि त्याची वाट त्या पाचकळ प्रसंगातूनच जाते.

पुढे लगाडो या काल्पनिक शहरातल्या संशोधकांच्या अकादमीत काकडीतून सूर्यकिरण काढू पाहणारा संशोधक आपण सरळ विडंबनात घातलात, ते ठीकच आहे.

राहिला आपला दुसरा मुद्दा, की गलिव्हरच्या तोंडून स्विफ्टच बोलतो. ब्रॉबडिंगनॅग या महाकाय माणसांच्या देशाच्या राजाला गलिव्हर मोठ्या उत्साहाने बंदुकीच्या दारूची कृती देऊ करतो. राजा शहारून नकार देतो, आणि गलिव्हर त्याला संकुचित बुद्धीचा ठरवतो. हे मत स्विफ्टचे मानायचे, तर त्या प्रकरणात कोणाला हसायचे, ते कृपया सांगावे.