चिलखत, गवती चपला आणि टेनिसचा बूट : मंदार यांना उत्तर

मंदारजी, नमस्कार. सामुराई, म्हणजे जुन्या जपानी योद्ध्यांच्या चिलखतावरून मी टेनिसच्या बुटाचा आराखडा केला आणि त्यावर लेख लिहिला.

"सामुराई गवताच्या चपला घालून लढत. त्यांच्या नावाने टेनिसचा बूट काढणं म्हणजे लाल-काळा रंग फासून माल खपवणं," असं तुम्ही त्यावर लिहिलंत. झोंबलं, कारण निम्मं खरं आहे.

आधी माझी चूक. लेखात मी बुशिदोला, म्हणजे सामुराईंच्या वागण्याच्या नियमांना, 'हजार वर्षांची आचारसंहिता' म्हटलं होतं. ते खोडतो. आज जगाला ठाऊक असलेला बुशिदो बराचसा घडला तो सामुराई वर्ग मोडीत निघाल्यावर. जपानी लेखक निटोबे इनाझो यांनी १९०० च्या सुमारास तो इंग्रजीत मांडला आणि तिथून तो पसरला. तेव्हा बुटाच्या टाचेवर 'निष्ठा' नि 'शौर्य' लिहायची माझी हौस बाद.

चिलखत मात्र सोडणार नाही. आपल्याकडे चिलखत म्हटलं की लोखंडी कड्यांचं जाळं आठवतं. जुनं जपानी चिलखत निराळं. लोखंडाच्या किंवा कातड्याच्या छोट्या पट्ट्या, गंजू-भिजू नयेत म्हणून वर रोगण, आणि एकीवर एक चढवून रेशमी दोऱ्यांनी ओवलेल्या. एकटी पट्टी वाकत नाही, पण पट्ट्यांची ओळ वाकते. टेनिसच्या बुटाचं दुखणं नेमकं हेच. कोपऱ्यातल्या चेंडूकडे धावत जाऊन खेळाडू थांबतो तेव्हा सगळा भार बुटाच्या बाहेरच्या कडेवर येतो. तिथे वरचं कापड मऊ असेल तर पाय सोलवरून बाहेर घसरतो, घोटा मुरगळतो. कडक केलं तर पंजा दुमडत नाही, नि पुढच्या चेंडूला उशीर होतो. म्हणून माझ्या आराखड्यात बाहेरच्या बाजूला एकमेकींवर चढणाऱ्या पट्ट्या आहेत, आणि लेस त्यांच्यातूनच ओवलेली. लेस आवळली की पट्ट्याही आवळतात.

तशी चिलखतातल्या दोऱ्यांची कटकटही होती. पावसात त्या पाणी पीत, जड होत, चिखल धरून ठेवत. सोळाव्या शतकात बंदुका आल्या आणि कारागीर मोठे पत्रे नि कमी दोऱ्या यांकडे वळले. मीही ओवण्याच्या जागा नवावरून पाचावर आणल्या आहेत.

आता तुमच्या गवती चपला, म्हणजे वाराजी. त्या झिजल्या की फेकायच्या, दुसऱ्या बांधायच्या. टेनिसवाल्याला ही चैन नाही. सर्व्हिस करताना मागचा पाय घासत येतो आणि टोकाचं रबर आधी जातं. अंगठा वेगळा ठेवणारी ताबीची, म्हणजे जपानी पायमोज्याची, रचना मोहात पाडते खरी. १९५१ साली शिगेकी तानाका तशाच बुटांत बोस्टन मॅरेथॉन जिंकले. पण ती पुढे धावण्याची शर्यत. आडवं धावताना अंगठ्याजवळच्या खाचेवर ताण येईल, म्हणून ती मी घेतली नाही.

आणि माल खपवण्याबद्दल. त्याच सुमारास जपानमधल्या कोबे शहरातल्या बूट बनवणाऱ्या किहाचिरो ओनित्सुकांनी ऑक्टोपसच्या चोषकांवरून बास्केटबॉलच्या बुटाचा सोल घडवला. उचलली ती पकड, दिसणं नाही. या कसोटीवर माझ्या बुटावरची तलवारीची नक्षी नापास होते, हे तुमच्यामुळे कळलं. ती काढली.

लेस मात्र लालच राहील. त्याला कारण काही नाही, मला आवडते.