बॅडमिंटन? येतं की!

बॅडमिंटन शिकायला गेलेल्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं आणि त्यात बदल करायचं काही कारण नाही. प्रशिक्षक विचारतात, "आधी खेळलायत का?" तेव्हा मान किंचित तिरकी करून म्हणायचं, "येतं की! लहानपणी खूप खेळायचो. आता फक्त जरा हात बसवायचाय." पोहायला शिकायला आलेला माणूस असं म्हणत नाही. पेटी शिकायला आलेलाही म्हणत नाही. पण बॅडमिंटन हा एकच खेळ असा आहे की जो सगळ्यांना आधीच येत असतो, आणि शिकायचं राहिलेलं असतं ते फक्त बाकीचं.

लहानपणी नेमकं काय खेळत होतात, याच्या खोलात मात्र कुणाला शिरू देऊ नका. नेट नव्हतं. रेषा नव्हत्या. दोघं समोरासमोर उभे आणि फूल खाली पडू द्यायचं नाही, एवढाच करार. बावन्न, त्रेपन्न, चौपन्न अशी मोजणी चालायची. समोरच्याच्या छातीसमोर, त्याला सोयीच्या उंचीवर फूल अलगद नेऊन द्यायचं. चुकलं तर "वारा होता" म्हणायचं. आणि फूल छज्ज्यावर अडकलं की घरी जायचं. कोर्टावर सगळंच उलटं असतं. तिथे समोरचा जिथे नाही तिथे मारायचं असतं, आणि ते खाली पडावं अशीच इच्छा धरायची असते. इतकी वर्षं जोपासलेलं सौजन्य असं एका दिवसात कसं सोडणार? सोडू नका. प्रत्येक शटल समोरच्याच्या रॅकेटपर्यंत पोचतं करा. लोक तुमच्याशी खेळायला रांग लावतील.

प्रशिक्षकांनी फारच खोदून विचारलं तर इतिहास काढा. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी पुण्यात हा खेळ खेळत आणि त्याला 'पूना' याच नावाने ओळखत. पुढे इंग्लंडातल्या बॅडमिंटन हाऊस या ड्यूकच्या वाड्यावरून आजचं नाव पडलं. म्हणजे खेळ आपल्या रक्तातच आहे. मग प्रकाश पदुकोणने १९८० ला जिंकलेली ऑल इंग्लंड स्पर्धा, गोपीचंदने २००१ ला जिंकलेली. एवढं बोलून होईपर्यंत तासातली पंधरा मिनिटं गेलेली असतात आणि वॉर्म-अप आपोआप टळतो. वॉर्म-अप तसाही शरीर थंड असलेल्यांसाठी असतो. आपण जिना चढून आलेले असतो.

आता सामान. खेळ शिकण्याआधी सामान घ्यावं, कारण नंतर उत्साह राहीलच याची खात्री नसते. रॅकेट घेताना दुकानदार विचारेल, "गटिंग किती पाउंडांचं करू?" गटिंग म्हणजे जाळी विणणं आणि पाउंड म्हणजे तिचा ताण. नवशिक्याला वीस-बावीस पाउंड पुरतात, कारण जाळी जितकी सैल तितकं शटल सहज उडतं आणि मधून जरा बाजूला लागलं तरी चालतं. हे ज्ञान कानाआड करा आणि "तीस" म्हणा. तीस पाउंडांची जाळी फळीसारखी ताठ असते. शटल अगदी मधोमध, जोरात आणि वेळेवर लागलं तरच पलीकडे जातं. या तीनही गोष्टी तुमच्याकडून एकाच वेळी होणं हा ग्रहयोग आहे, पण पाहणाऱ्याला तुमच्या रॅकेटवरचा आकडा दिसतो, ग्रहयोग दिसत नाही. बॅग सहा रॅकेटची घ्या. आत एक रॅकेट, एक टॉवेल आणि भरपूर हवा.

बूट मात्र घरचेच चालतील, ते धावायचे, जाड गुबगुबीत टाचांचे. बॅडमिंटनचे बूट बुटके आणि चपट्या तळव्याचे असतात, कारण या खेळात पाय सारखा आडवा टाकावा लागतो आणि उंच टाच तेव्हा घोट्याला दगा देते. पण तुम्ही कुठे आडवे जाणार आहात? त्याकडे पुढे येऊच.

ग्रिपबद्दल प्रशिक्षक फार बोलतील. रॅकेटशी हस्तांदोलन केल्यासारखं धरा, म्हणतील. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये इंग्रजी व्ही दिसला पाहिजे, बोटं सैल ठेवा आणि शटल लागायच्या क्षणीच आवळा, म्हणतील. ऐकताना मान हलवा. ते वळले की रॅकेट पुन्हा उलथन्यासारखी धरा, जाळी थेट समोरच्याच्या तोंडाकडे, मूठ अशी आवळून की कुणी हिसकावून नेईल. या मुठीत मनगट फिरत नाही, कोपराखालचा हात फिरत नाही, आणि शटल डाव्या बाजूला आलं की माणूस स्वतःभोवती पिळला जातो. पण घट्ट धरल्याचं समाधान असतं. एक अंगठा बॅकहँडसाठी दांड्याच्या रुंद बाजूवर टेकवायचा असतो, हे मला कुणीतरी तिसऱ्या महिन्यात सांगितलं. त्याआधी सांगितलं नव्हतं असं नाही. मी तेव्हा इतिहास सांगत होतो.

पायांचं काय, असा प्रश्न येईल. प्रशिक्षक तुम्हाला शटलशिवाय, रॅकेट हातात घेऊन, कोर्टाच्या सहा कोपऱ्यांत पळायला लावतील. याला शॅडो म्हणतात. मध्यातून निघायचं, कोपऱ्यात लांब पाऊल टाकायचं, मारल्याचा अभिनय करायचा, परत मध्यात. समोरचा मारायच्या क्षणी जागच्या जागी एक बारीकशी उडी घ्यायची, म्हणजे पाय कुठल्याही बाजूला सुटायला मोकळे राहतात. सिंगल्समध्ये तुमच्या वाट्याला ६.७ मीटर लांब आणि ५.१८ मीटर रुंद जमीन येते आणि ती सगळी तुम्हीच सांभाळायची असते. हे ऐकून घाबरू नका. एक जागा निवडा, साधारण मध्यभागी, तिथे दोन्ही पाय रोवा आणि तिथून हात जाईल तेवढं आपलं समजा. बाकीचं शटल आलं की त्याच्याकडे बघत "छान!" म्हणायचं. दिलदार खेळाडू म्हणून नाव होतं ते असंच.

आणि आता ज्यासाठी सगळे येतात ते. स्मॅश. २०२३ मध्ये सात्विकसाईराज रंकीरेड्डीने ताशी ५६५ किलोमीटर वेगाचा स्मॅश मारून जागतिक विक्रम केला. हा आकडा तुम्हाला पाठ हवा. तो वेग रॅकेटवरून सुटतानाचा असतो, पिसांचा घेर लगेच हवा अडवू लागतो आणि शटल पलीकडे पोचेपर्यंत त्यातला बराचसा वेग मरतो, वगैरे तपशील दुसऱ्यांना सांगू द्या. तुम्ही आलेलं प्रत्येक शटल स्मॅश करा. उंच आलं, स्मॅश. गुडघ्याशी आलं, स्मॅश. मागच्या रेषेवर, डोक्याच्याही मागे गेलं आणि तुम्ही पाठीवर कोसळत आहात, तर विशेष स्मॅश. जाणकार शटलच्या मागे जाऊन, आडवं उभं राहून, हात पूर्ण वर गेल्यावर डोक्याच्या किंचित पुढे मारतात. तुम्ही शटल खांद्यापर्यंत खाली येऊ द्या, डोळे मिटा, आणि खांद्यातून जेवढा राग असेल तेवढा काढा. नेट मध्यभागी १.५२४ मीटर उंच असतं. तुमचा स्मॅश त्याच्या खालच्या अर्ध्या भागात कुठेतरी बसेल, पण आवाज फार छान येतो.

२०१७ च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सिंधू आणि जपानची ओकुहारा ११० मिनिटं खेळल्या आणि त्यातली एक रॅली ७३ फटक्यांची झाली. त्र्याहत्तर! दोघींनाही संपवता येईना. तुमची रॅली दोन फटक्यांची असते: त्याची सर्व्हिस, तुमचं नेट.

सर्व्हिसचा सराव करू नये. ती काय, नुसतं शटल पलीकडे ढकलायचं. नियम असा की शटल मारताना ते जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं. म्हणजे सर्व्हिस नेहमी खालून वरच जाणार, आणि जरा उंच गेली की समोरचा तिच्यावर तुटून पडणार. म्हणून ती नेटला चाटून जावी यासाठी लोक महिनोन्महिने टोपलीभर शटल घेऊन एकटे उभे राहतात. किती कंटाळवाणं! २०१८ मध्ये हा उंचीचा नियम आजमावायला घेतला, त्याआधी 'कमरेच्या खाली' असा नियम होता, आणि तो फार माणुसकीचा होता. चाळिशीतल्या माणसाची कमर नक्की कुठे सुरू होते यावर एक अख्खी संध्याकाळ वाद घालता यायचा. तुम्ही तो अजूनही घाला. आणि हो, सर्व्हिस करताना रॅकेट फिरली आणि शटल लागलंच नाही, तर तो नियमाने फॉल्ट असतो. अशा वेळी ताबडतोब म्हणायचं, "ही ट्रायल होती."

इथून आपण खऱ्या कौशल्याकडे येतो, ज्याशिवाय कोणीही खेळाडू वाटत नाही. शटल चुकल्यावर काय करायचं? लगेच रॅकेटकडे बघायचं. रॅकेट चेहऱ्यासमोर आडवी धरायची, भुवया आक्रसायच्या आणि डाव्या हाताच्या नखांनी जाळीचा एक-एक धागा सरळ करत बसायचं. एक मधला, मग त्याच्या शेजारचा. शेवटी तळहातावर दोनदा ठोकून, "हं," असं पुटपुटायचं. सगळ्यांना कळतं की चूक गटिंगची होती. हे एवढं माणसाने मन लावून केलं तर उरलेल्या खेळाकडे कोणी बघत नाही. मी शपथेवर सांगतो, आमच्याकडचा सर्वांत देखणा जाळी सरळ करणारा गृहस्थ वर्षभरात सलग तीन शटल मारताना दिसलेला नाही.

गटिंग झालं की शटलचा नंबर. शटलला १६ पिसं असतात आणि वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. नवशिक्यांना नायलॉनचं द्यायची पद्धत आहे, कारण रॅकेटच्या चौकटीवर आपटून पिसं मोडतात आणि नवशिक्याचं बहुतेक सगळं चौकटीवरच आपटतं. तुम्ही पहिल्या दिवसापासून पिसांचंच मागा. दोन पिसं तुटली की ते गिरक्या खात तिरकं जातं, आणि मग पुढच्या दहा चुका त्याच्या नावावर टाकता येतात. फक्त वाऱ्याचं कारण इथे चालत नाही. एवढ्या हलक्या जिनसाला झुळूकही पुरते म्हणून हॉलच्या खिडक्या बंद असतात आणि पंखेही.

डबल्स हा नवशिक्याचा स्वर्ग आहे, कारण तिथे दोष द्यायला माणूस मिळतो. हल्ला करताना एक पुढे एक मागे, बचाव करताना शेजारी-शेजारी, अशी काहीतरी फिरती व्यवस्था असते म्हणे. तुम्ही एवढंच लक्षात ठेवा: दोघांच्या मधोमध आलेलं शटल जमिनीला लागेपर्यंत शांत राहायचं आणि लागलं रे लागलं की "तुझं होतं!" म्हणायचं. जो आधी म्हणेल त्याचं खरं. दोघंही धावलात तर अधिक वाईट. माझ्या पहिल्याच महिन्यात मी असा एक दणदणीत स्मॅश पार्टनरच्या कानामागे मारला होता. तो सभ्य माणूस, "लागलं नाही," म्हणाला आणि पुढच्या आठवड्यापासून सकाळच्या बॅचला जाऊ लागला.

गुणांची मोजणी कुणाच्याच ध्यानात राहत नाही, तेव्हा ती आत्मविश्वासाने सांगावी. गेम २१ चा असतो, २०-२० झाले तर दोन गुणांची आघाडी लागते आणि फारच ताणलं तर ३० ला संपतो. सर्व्हिस करणाऱ्याचा गुण सम असेल तर उजवीकडून, विषम असेल तर डावीकडून. तुमचा गुण बहुतेक वेळ शून्य असल्यामुळे उजवी बाजू लक्षात ठेवली तरी भागतं.

असं दोन-तीन महिने शिकून झालं की एखाद्या संध्याकाळी प्रशिक्षक तुम्हाला एका दहा वर्षांच्या मुलीसमोर उभं करतील. दोन वेण्या, गुडघ्याला खरचटल्याची खूण, रॅकेटचा रंग उडालेला. तुम्ही मनाशी ठरवा की फार जोरात मारायचं नाही, लहान आहे. ती सर्व्हिस उंच, अगदी मागच्या रेषेपर्यंत टाकेल. तुम्ही पाय उपटून मागे जाल, खांद्यातून सगळा राग काढाल आणि शटल चौकटीला लागून कसंबसं पलीकडे जाईल. ती दोन पावलांत नेटपाशी आलेली असेल. रॅकेट जेमतेम हलेल, आणि शटल नेटच्या पट्टीवरून लोळत तुमच्या बाजूला, तुमच्यापासून पाच मीटरवर पडेल. तुम्ही जाळी सरळ करायला घ्याल. ती तोवर पुढच्या सर्व्हिसला उभी असेल. पुन्हा उंच, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. तिच्या पायांचा आवाज येत नाही, तुमच्या पायांचा शेजारच्या कोर्टापर्यंत जातो.

"काका, अकरा झाले. अकराला एक मिनिट ब्रेक असतो," ती म्हणेल. "बसा तुम्ही."

तुम्ही बसाल. ती बसणार नाही. ती त्या मिनिटात कोर्टाच्या सहा कोपऱ्यांत, शटलशिवाय, एक फेरी मारून येईल. मग २१-३. त्या तिनातले दोन तिने बाहेर मारलेले आणि एक तुमच्या चौकटीचा. ती नेटखालून हात पुढे करेल, "थँक्यू काका" म्हणेल आणि पाण्याची बाटली उचलून पळेल.

घोटा धरत घरी या. दार उघडताच विचारतील, "कशी झाली मॅच?"

सहा रॅकेटची बॅग खांद्यावरून खाली ठेवा, पाय स्टुलावर घ्या आणि सांगा, "वारा होता."