उशिरा पेटणारी ट्यूब

हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर घरी करायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं, सोल्डरिंग हेच काय ते अवघड. ते एका दुपारी उरकलं. एका ठिपक्यानं मात्र तीन आठवडे खाल्ले.

ठिपका म्हणजे ऑपरेटिंग पॉइंट. गाणं सुरू नसताना ट्यूबनं (आवाज वाढवणारी काचेची निर्वात नळी) किती व्होल्टवर, किती करंट घेत बसायचं ते ठिकाण. माझ्या ईसीसी८८ ट्यूबच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, तो आयता मिळतो: ९० व्होल्ट, १५ मिलिअँपिअर, ग्रिड (करंटला आवर घालणारी आतली जाळी) उणे १.३ व्होल्ट. शहाण्यानं तो घ्यावा आणि गप्प बसावं. पण मग ‘स्वतः केलं’ म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं?

ग्राफपेपर काढला. सप्लाय २०० व्होल्टचा, प्लेटला (इलेक्ट्रॉन गोळा करणारं टोक) १० किलोओमचा रेझिस्टर. म्हणजे आडव्या अक्षावर २०० व्होल्टपासून उभ्यावर २० मिलिअँपिअरपर्यंत तिरपी रेघ, आणि ठिपका त्या रेघेवरच. वर सरकावं तर बायस (ग्रिडचे ते उणे व्होल्ट) इतका तोकडा की आवाज जरा वाढला की ग्रिड पॉझिटिव्ह. खाली सरकावं तर डेटाशीटमधले ट्यूबचे वक्र एकमेकांना चिकटलेले, तिथं आवाजाचं डिस्टॉर्शन. त्यात ट्यूब जळायची धास्ती. १.८ वॉटची मर्यादा ओलांडेल का, याचा हिशेब दोन रात्री केला. तिसऱ्या रात्री कळलं, या रेघेवर ठिपका कुठेही ठेवा, १ वॉटच्या वर जाणं शक्यच नाही.

९५, १००, १०५, परत १००. खोडरबर एकाच जागी फिरून फिरून कागदाला भोक पडलं.

“अहो, अजून तोच ठिपका?” हिनं विचारलं.

“तोच नाही, पाच व्होल्टनं डावीकडे आलाय.”

शेवटी ९० व्होल्ट आणि ११ मिलिअँपिअर ठरवलं. बायस सुमारे १.६५, म्हणून कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) १५० ओमचा रेझिस्टर. सीडी प्लेअरचे २ व्होल्ट शिखराला २.८ होतात, ते या बायसमध्ये मावत नाहीत. ती जबाबदारी व्हॉल्यूमच्या बटणावर ढकलली.

एक हात खिशात घालून (२०० व्होल्टपुढे हीच नम्रता) प्लेटला मीटर लावला. पूर्ण २००! घाम फुटला. रेझिस्टर चुकला? जोड निसटला? सर्किट तीनदा तपासलं, तेवढ्यात आकडा आपणहून उतरायला लागला. हीटर गरम व्हायचा होता. ट्यूब पेटलीच नव्हती. माझीही.

१८०, १४०, ११०... आणि १००वर थांबला. कॅथोडला १.५ व्होल्ट, म्हणजे १० मिलिअँपिअर. घाईनं ग्राफपेपर उघडला. १०० आणि १० जिथं भेटतात, नेमकं तिथंच ते भोक.

ही डाव्या कानाची गोष्ट. त्याच काचेत उजव्या कानाचा दुसरा ट्रायोड, म्हणजे कॅथोड-ग्रिड-प्लेटचा दुसरा संच असतो. तो १०८वर जाऊन बसला होता.

“दुसरा कागद देऊ का?” आतून आवाज आला.