घर आवरलं म्हणे! माझ्या खोलीत ओतलंत सगळं

सिकेटरच्या, म्हणजे माझ्या छाटणीच्या कात्रीच्या पात्याला खाच पडलीय. मुगाचा दाणा बसेल एवढी. काल सकाळी गुलाबाच्या छाटणीला बसले आणि पहिल्याच फांदीला कात्री अडकली, म्हणून उन्हात धरून बघितली. बाइंडिंग वायर तोडलीय तिनं. आकाशकंदील टांगायची वायर. आणि तोडणारे कोण, तर आमचे भाऊजी.

विचारलं तर म्हणतात, "कात्रीच हाय की वहिनी, तोडायलाच असती. एवढं का चिडूलालाव?"

का चिडले? अहो, पक्कड सिकेटरच्याच भिंतीवर दीड फुटावर टांगलेली आहे! पण ती त्यांना दिसली नाही. कशी दिसेल? पक्कडीच्या पुढ्यात कूलर उभा. कूलरवर गाद्यांचं गाठोडं. गाठोड्यावर गौरीच्या मखराची पट्टी. आणि हे सगळं तिथं रचलं कुणी, तर त्यांनीच, आदल्या दिवशी. घराची साफसफाई चालली होती ना दिवाळीची!

आमच्याकडं साफसफाई म्हणजे काय, तर घरातलं नको ते सगळं उचलायचं आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन टाकायचं. "ठेव मागं." हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. फुटकी बादली? ठेव मागं. मोडकी खुर्ची? ठेव मागं. बाथरूमच्या उरलेल्या फरश्या, रंगाचे वाळून दगड झालेले डबे, पोराची चाक नसलेली सायकल, मागं, मागं, मागं. टाकून द्या म्हटलं की "असू दे, कधीतरी लागेल." सात वर्षांत त्यातलं काय लागलं? एक वस्तू दाखवा मला.

ती खोली अडगळीची नाही. सहा बाय आठची का असेना, ती माझ्या बागेची खोली आहे. जूनमध्ये तीन दिवस घालवून मी ती लावली होती. भिंतीला प्लायवूड ठोकलं, खिळे मारले, प्रत्येक हत्यार प्लायवर धरून त्याच्या कडेनं लाल ऑइलपेंटची रेघ मारली. खुरप्याच्या जागी खुरप्याचा आकार, विळ्याच्या जागी विळ्याचा. जागा रिकामी दिसली की लांबूनच कळावं, काय गेलंय ते. फावडं, कुदळ, टिकाव जमिनीवर टेकवायचे नाहीत, दोन खिळ्यांमध्ये डोकं वर करून अडकवायचे. पहार एकटीच कोपऱ्यात उभी, तिला साखळी, म्हणजे कुणाच्या पायावर पडायला नको. रोज लागणारं दाराजवळ, वर्षातून एकदा लागणारं आत.

हे मी वडिलांकडून शिकले. ते सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये फिटर होते. सांगायचे, टूलरूममधून पान्हा हवा असेल तर आपला पितळी बिल्ला द्यायचा. पान्ह्याच्या खिळ्याला बिल्ला लटकायचा, पान्हा परत आला की बिल्ला परत. भोंगा व्हायच्या आत प्रत्येक वस्तू जागेवर. शेकडो माणसं ज्या शिस्तीत राहत होती, त्या शिस्तीत आमची पाच माणसं राहू शकत नाहीत?

आणि परत ठेवणं म्हणजे नुसतं टाकणं नव्हे. आपली काळी माती किती चिकट, हे काय कुणाला सांगायला पाहिजे? खुरप्यावर तिचा थर तसाच वाळला की आत ओल धरून बसते आणि आठ दिवसांत तांबेरा. म्हणून मी दारात वाळूची बादली ठेवलीय, त्यात जळकं ऑइल ओतलंय. माती खरवडायची, पातं चार वेळा वाळूत खुपसून काढायचं, फडक्यानं पुसायचं, टांगायचं. अर्धा मिनिट लागत नाही. काल त्या बादलीत काय सापडलं? उदबत्त्यांच्या काड्या आणि शेंगांची टरफलं!

शेजारच्यांचं तर विचारूच नका. गणपतीत मांडवाला म्हणून पहार नेली, ती दसऱ्याला परत आली. मीच मागायला गेले तेव्हा. घमेलं आलं ते सिमेंटसकट. आता ते छिन्नीनं ठोकून काढत बसायचं कुणी? आणि नेताना विचारतात ते आमच्या ह्यांना. ह्यांना कुदळ आणि टिकाव यातला फरक माहीत नाही, पण "न्या की" म्हणायचा अधिकार ह्यांचा. कारण हत्यारं म्हणजे बाप्यांचीच, नाही का? ते सिकेटर मी माझ्या शिवणाच्या पैशातून घेतलंय. साडेसातशे रुपये. खुरपं गड्ड्याच्या जत्रेतून आणलंय, संक्रांतीच्या गर्दीत दहा खुरपी हातात तोलून बघून.

मे महिन्यात तर कहरच केला. ४४ डिग्रीत पत्र्याखाली लाकूड आटतं, फावड्याचा दांडा खुळखुळायला लागतो. ह्यांनी उपाय काय केला, तर रात्रभर पाण्यात उभं केलं. फुगून घट्ट बसतो, खरं आहे, पण वाळला की पहिल्यापेक्षा ढिला. पाचर मारावी लागते हो! मी पाचर मारली, दांड्यांना जवसाचं तेल चोळलं, तेलाचा बोळा वाळायला बाहेर पसरून ठेवला. तो कुणीतरी "पसारा" म्हणून चुरगाळून जुन्या चादरींच्या ढिगात कोंबला. जवसाच्या तेलाचा बोळा असा दाबून ठेवला तर आपोआप तापून पेट घेतो. वेळेवर माझ्या नजरेला पडला म्हणून, नाहीतर चादरी, पत्रा, खोली सगळंच गेलं असतं.

आणि हे शेवटचं. काल कूलर ओढून काढला तेव्हा मागं सापडलं. मी कीटकनाशक वरच्या फळीवर, मूळ बाटलीत, कुलपाच्या पेटीत ठेवते. पेटी कुणीतरी "जागा अडते" म्हणून खाली उतरवलेली, कडी तुटलेली, आणि उरलेलं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतलेलं. लेबल नाही, काही नाही. शेजारी सासूबाईंचा कुरडयांचा डबा. घरात सहा वर्षांचं पोर आहे. माझे हातपाय गार पडले. हे कुणी केलं, तर कुणीच नाही. सगळे एकमेकांकडं बघतात.

मग मी कुणाशी बोलले नाही. दुपारी दोनपर्यंत एकटीनं सगळं बाहेर काढलं. पोत्यांच्या ढिगात दोन वर्षांपूर्वी विंचू निघाला होता, म्हणून प्रत्येक पोतं काठीनं उलटं केलं. त्या बाटलीवर मार्करनं मोठ्ठं "विष" लिहिलं, पेटीला नवं कुलूप घातलं. दाराला दुसरं. किल्ली माझ्या कमरेला.

सिकेटर घेऊन संध्याकाळी पायरीवर बसले. धार एकाच बाजूला असते, तीच बाजू दगडावर घासायची, सपाट बाजूला हात लावायचा नाही. तासभर घासलं. खाच निम्मी झालीय, गेली नाही. अशा पात्यानं फांदी कापत नाही, चेंगरते, आणि चेंगरलेला गुलाब टोकापासून काळा पडत खाली वाळत येतो. चौदा कुंड्यांतल्या तीनच झाल्यात. नळ चार दिवसांनी येतो, तो उद्या येईल, त्याआधी छाटणी व्हायला पाहिजे होती.

कूलर, गाद्या, फरश्या, सायकल, सगळं पोर्चमध्ये रचलंय. भाऊजींची गाडी त्याच्या मागं आहे. सकाळी ड्यूटीला जायचं असेल तर आधी ते हलवावं लागेल, आणि मागच्या खोलीला आता कुलूप आहे.