दोन गोट्यांचा मणी

आज सकाळी घरच्या ग्रुपवर लातूरच्या लग्नाचे फोटो आले. शेवटचा फोटो माझा. काचेच्या कपाटाला नाक लावून उभा असलेला, पाठमोरा. खाली दाजींनी लिहिलंय, ‘ह्या फुटक्या मडक्यांपायी हळद चुकली!’ त्यावर सगळ्यांची हसणारी तोंडं. आमच्या हिचंही त्यात एक.

चहा तसाच ठेवून लिहायला बसलोय.

पहिली गोष्ट, हळद मडक्यांपायी चुकली नाही. पुण्याहून सहाला निघायचं ठरलं होतं, आठला निघालो. इंदापूरच्या आसपास मिसळीसाठी थांबलो, ते सव्वा तास. कारण तिथं झोपाळा होता आणि झोपाळ्यावर सगळ्यांचे एकेकटे, मग जोडीनं, मग सहकुटुंब फोटो झाले. बार्शीत पुन्हा चहा. हा सगळा वेळ कुणी मोजला नाही. ढोकीपासून गाडी तेरच्या संग्रहालयाकडे वळवून मी चाळीस मिनिटं मागितली, ती मात्र घड्याळ लावून मोजली गेली. दाजी तर गाडीतून उतरलेच नाहीत. सीट मागं टाकून म्हणाले, “तुम्ही या बघून. तिथं काय, खापरंच असणार.”

हो, खापरंच आहेत. गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या गावात खापरं नसतील तर काय असेल?

पण मला त्या फोटोतला माणूस काय बघत होता ते सांगायचंय. तो एक मणी बघत होता. तांबूस लाल, अकीकासारख्या दगडाचा, ज्वारीच्या टपोऱ्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, आरपार बारीक भोक. तसाच मणी माझ्याकडे होता. मी तिसरीत होतो.

आमचं गाव बार्शी तालुक्यातलं. माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं. पावसाळ्याच्या तोंडाला माळवदावर नवी माती टाकायची, आणि ती आणायची गावाशेजारच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावरून. आजोबा बैलगाडी जुंपायचे, आम्ही पोरं मागं लोंबकळत जायचो. त्या मातीत काय काय निघायचं! शंखाच्या बांगडीचे तुकडे, भाजक्या मातीचा बैल, त्याचं तोंड गेलेलं, आणि मणी. थोरली माणसं म्हणायची, “टाका ते, जुन्या माणसांचं असतंय, घरात आणू नये.” मी तो लाल मणी चड्डीच्या खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत वर्गातल्या एका दोस्ताला दोन काचेच्या गोट्यांवर देऊन टाकला. एका गोटीत निळा भोवरा होता. सौदा झकास झाला असं मला पुढची चाळीस वर्षं वाटत होतं.

आणि परवा तो कपाटात. म्हणजे तोच नव्हे, त्याचा भाऊबंद.

तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषा लिहिणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली, ‘पेरिप्लस’. त्यात पैठण आहे आणि तगर आहे. गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरहून साधं कापड, तलम मलमल असा माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायचा आणि तिथून जहाजानं पुढं. तीस दिवस, बैलगाडीनं! आणि आमचे दाजी एसी गाडीत बसून विचारतात, “अजून किती किलोमीटर आत आहे?”

तगर म्हणजेच तेर हे फ्लीट या अभ्यासकानं १९०१ मध्ये मांडलं. पण नाव कुठं पुसलं गेलं होतं? कोल्हापूरचे आणि ठाण्याचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घ्यायचे. राज्य कोल्हापुरात नि कोकणात, पण मिरवायचं तगरचं नाव. आणि आपण त्याच गावावरून ‘लातूर अजून किती’ म्हणत पुढं जातो.

इथं मला खरा राग येतो, आणि तुम्ही माझं लिहिलेलं वाचणारी माणसं, तुम्हाला वेगळं समजवायला नको. हीच मंडळी ग्रुपवर रोज ‘आपला वैभवशाली इतिहास’ फॉरवर्ड करतात. कुणी काही वेडंवाकडं बोललं की बाह्या सरसावतात. आणि तोच इतिहास वाटेवर, चप्पल घालून जाता येईल इतक्या जवळ असला की ह्यांना झोप येते. इतिहासावर भांडायला सगळे तयार, बघायला कुणाला वेळ नाही.

बरं, मान्य. सगळ्यांना सगळं आवडलंच पाहिजे असं नाही. पोरं भुकेली होती. ऊनही होतं. पुढं.

हे संग्रहालय ज्यांच्या नावाचं आहे ते रामलिंगप्पा लामतुरे पुराणवस्तू खात्याचे कुणी साहेब नव्हते. तेरमधलेच व्यापारी. गावात, नदीकाठी, शेतात जे निघायचं ते या माणसानं गोळा केलं, जपलं. वीस हजारांहून जास्त वस्तू. शिशाची सातवाहन नाणी, शंखाच्या बांगड्या (समुद्र कुठं, तेर कुठं!), मातीच्या बाहुल्या, मणी आणि मणी. शास्त्रीय उत्खननं नंतर झाली, १९५८ च्या उत्खननाचा अहवाल प्रसिद्ध आहे. पण त्याआधी कुणीतरी ‘टाका ते’ म्हणण्याऐवजी ‘आणा इकडं’ म्हणालं, म्हणून ते कपाटात आलं. तेरणेच्या काठी असा एक माणूस होता. आमच्या टेकाडाच्या नशिबी माळवदं होती, आणि मी होतो, दोन गोट्यांना मणी विकणारा.

तिथली हस्तिदंती बाहुली तर बघाच. हातात मावेल एवढी. इटलीत ज्वालामुखीनं इसवी सन ७९ मध्ये पॉम्पेई गाडून टाकलं, त्या राखेतून १९३८ मध्ये अशीच एक हस्तिदंती भारतीय बाई निघाली. दोघींचे फोटो शेजारी ठेवले तर बहिणी वाटतात. जालन्याकडं भोकरदनलाही तिसरी सापडली आहे. पॉम्पेईची बाई आपल्याकडचीच असं काही अभ्यासक म्हणतात. तिच्यावर वायव्य भारतात चालणाऱ्या खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे म्हणून काही जण तिकडं बोट दाखवतात. दाखवू देत. मी तेरच्या कपाटासमोर उभा होतो, मला माझं मत आहे.

लिहिता लिहिता जरा निवळलो. कारण एक सांगायचं राहिलं.

आत आमच्याशिवाय एक आजी होत्या, नऊवारीतल्या, नातवाबरोबर आलेल्या. गोरोबाकाकांचं दर्शन घेऊन आल्या असाव्यात, कपाळाला बुक्का होता. मडकी, मणी, सगळं त्यांनी चालता चालता बघितलं आणि दगडी पाट्यापाशी थबकल्या. चार ठेंगणे पाय असलेला पाटा, वरवंट्यानं मधोमध झिजून खोलगट झालेला. आजी खाली वाकल्या, पाय मोजले, आणि नातवाला म्हणाल्या, “आपल्या घरचा असाच हाय, पर बिनपायाचा. ही बाई शाणी हुती, कंबर वाकत नसंल तिची.” एवढं म्हणून पुढं गेल्या.

मी पेरिप्लस वाचलाय, मला ती बाई दिसली नव्हती.

माझा भाचा, दाजींचाच मुलगा, वय बारा, तो मात्र माझ्यासोबत आत आला होता. पहिली पाच मिनिटं मोबाइलमध्ये. मग मी त्याला मण्याची गोष्ट सांगितली, गोट्यांसकट. त्यानं मोबाइल खिशात घातला आणि कपाटातले मणी एक एक बघत विचारलं, “मामा, एवढं बारीक भोक पाडलं कसं? तेव्हा ड्रिल होतं?” मी म्हटलं, “होतं. हातानं फिरवायचं, टोकाला कठीण दगड लावून.” तो म्हणाला, “आणि तू दोन गोट्यांना दिलास?” ज्या सुरात तो हे म्हणाला ना, तसा मला आजवर कुणी बोललं नाही. नंतर तो त्रिविक्रमाच्या देवळातही आला. विटांचं, पाठीमागं अर्धगोल, कार्ल्याच्या चैत्यगृहाची आठवण यावी असं. मूळचं बौद्ध चैत्यगृहच असावं, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. भाच्यानं मागच्या गोल भिंतीला फेरी मारली आणि विटांवर हात ठेवून उभा राहिला. फोटो काढला नाही, हे मुद्दाम सांगतो.

तर दाजी, हळद चुकली त्याचं खापर माझ्यावर फोडा, हरकत नाही, खापरांची मला आता सवय झालीय. पण ग्रुपवर टाकलेल्या त्या फोटोत उजवीकडं नीट बघा. माझ्या कोपराशी अर्धं डोकं दिसतंय ना, ते तुमच्या पोराचं आहे.

दुपारी न राहवून त्या वर्गातल्या दोस्ताला फोन लावला. तो आता सोलापुरात असतो, टायरचं दुकान आहे. मोठ्या आशेनं विचारलं, तिसरीत मी तुला एक लाल मणी दिला होता, आठवतो का रे? तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “मणी-बिणी काय आठवत नाय. पण माझ्या दोन गोट्या तू नेल्या होत्यास, त्यातली एक निळ्या भोवऱ्याची. ती दे आधी.”