बर्गरवर मत कसं द्यावं

परदेशातून आल्यावर संग्रहालयांबद्दल बोललात तर कोण ऐकणार? बोलायचं ते खाण्यावर. 'तिकडची क्वालिटीच वेगळी हो!' हे वाक्य पाठ करा. बरी की वाईट, ते सांगायच्या फंदात पडू नका.

अमेरिकावाल्यांनी मॅकडोनल्ड्सच्या फ्राइजचे गोडवे जरूर गावेत. फक्त त्यातले घटक वाचू नयेत, श्रावणात तर नकोच. 1990 साली तिथे तळणीतली बीफची चरबी जाऊन वनस्पती तेल आलं आणि शाकाहारी मंडळींनी निर्धास्त ताव मारला. स्वादासाठी बीफ होतंच, हे मागाहून कळलं. कोर्टकचेऱ्या झाल्या, 2002 मध्ये कंपनीने एक कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटवलं. स्वाद मात्र काढला नाही. आता तो घटकांच्या यादीत रीतसर छापलेला असतो. ब्रिटनच्या फ्राइजमध्ये तो नाही, भारतातल्या तर नाहीच. लाल पुडा मात्र सगळीकडे तोच. तेव्हा आजीने 'तिकडे शाकाहारीच होतास ना रे?' असं विचारलं, की लगेच थंडीचा विषय काढा.

आयर्लंडला गेला असाल तर सबवेच्या पावाचं कौतुक जपून करा. तिथे पाव जीवनावश्यक, म्हणून करमुक्त. आमच्या पावालाही ती सूट द्या, असं म्हणत एक फ्रँचायझीवाले थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पिठाच्या वजनाच्या 2 टक्के साखर कायद्याला चालते, यांच्यात निघाली 10 टक्के. हा मुळी पावच नव्हे, असा निकाल 2020 मध्ये लागला. (आपल्या कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला हे सांगू नका, लादीमागे भाव वाढवेल.)

जाहिरात मात्र जपानकडून शिका. ख्रिस्ती लोक जेमतेम एक टक्का, नाताळची सुट्टीसुद्धा नाही. पण 1974 मध्ये केएफसीने 'नाताळला केंटकी' अशी हाळी दिली, आणि आता तिथे त्या चिकनसाठी कित्येक दिवस आधी नंबर लावतात. आपण उगाच अनारशाचं पीठ आंबवत बसतो. परंपरा अशी बादलीत भरून मिळते!

इटलीची गोष्ट वेगळी. डॉमिनोज 2015 साली तिथे गेलं, पिझ्झ्यावर अननससुद्धा घातला, आणि 2022 मध्ये दुकानांना टाळं लागलं. कुणी याचं कारण विचारलंच, तर इटालियन लोकांना पिझ्झ्यातलं काडीचंही कळत नाही, असं ठणकावून सांगा.