सेल्फपाशी रिले टाकायला ना नाही, पण आधी व्होल्ट कुठे गळतायत ते बघा

नमस्कार, आधी मल्टिमीटरने मोजा असं मी सांगितलं त्यावर प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत त्याबद्दल आभार, पण पटली नाही. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. ह्या प्रतिक्रिया देणाऱ्यांचं म्हणणं असं की पोर्शे 914 ही गाडी तापली की सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) घेत नाही हा जगजाहीर आजार आहे आणि औषधही जगजाहीर आहे, सेल्फपाशी एक रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) बसवायचा आणि विसरून जायचं, त्यासाठी लोकांना मल्टिमीटर घेऊन गाडीखाली झोपायला लावणं म्हणजे उगाच पांडित्य. शिवाय त्यांनी स्वतःच्या गाडीच्या वायरी ओहमवर चेक केल्यात, सगळीकडे शून्य, आणि स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच, तो ओढला गेला की मोटरला करंट मिळतो) शॉर्ट केला की सेल्फ झकास फिरतो. म्हणजे वायरिंग ठीक, सेल्फ ठीक, मग राहिला रिले.

आता मला सांगा, वायरिंग खरंच ठीक असेल तर रिले नेमकं काय दुरुस्त करणार आहे? रिले काम करतो ते वायरिंगमध्ये व्होल्ट गळतायत म्हणूनच ना!

आधी ओहमचं बघू, कारण तिथे बरेच जण फसतात. मल्टिमीटर ओहमवर ठेवला की तो वायरमधून अगदी नगण्य करंट सोडतो आणि त्यावरून रेझिस्टन्स सांगतो. जाड केबलच्या आतल्या बहुतेक तारा तुटून दोन-चारच शिल्लक असल्या तरी त्याला शून्यच दिसणार. पण सेल्फ फिरताना त्याच केबलमधून दीडशे-दोनशे अँपिअर जातात. टर्मिनलवर गंज चढून फक्त 0.01 ओहम वाढला असं धरा, तुमच्या मीटरला तो दिसणारही नाही, पण 150 अँपिअरला तिथे दीड व्होल्ट गेले. 12 मधले दीड! म्हणून ओहमचं रीडिंग ह्या कामात मी धरतच नाही. वायर तुटलीय की नाही एवढंच ते सांगतं, ती लोड घेईल का ते नाही सांगत.

त्यासाठी व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गळतायत ते मोजायचं, आणि तोही चावी स्टार्टला धरून. इग्निशन कॉइलच्या 15 नंबरच्या टर्मिनलची वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन चालू होणार नाही, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला अडण. एकाने चावी धरायची, दुसऱ्याने मीटर बघायचा. लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हच्या शिश्याच्या खुंटावर, क्लॅम्पवर नाही खुंटावरच, कारण बऱ्याचदा गंज त्या दोघांच्या मधेच बसलेला असतो, आणि काळा सेल्फच्या 30 नंबरच्या मोठ्या बोल्टवर, जिथे बॅटरीची जाड केबल येते. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर केबल पास. मग अर्थची बाजू, म्हणजे करंट बॅटरीला परत जायची वाट, सेल्फची बॉडी ते बॅटरीचा निगेटिव्ह खुंट, इथे 0.2 च्या वर गेलं की मला शंका येते.

आणि 914 मध्ये ही अर्थची बाजू आधी बघा. इंजिन आणि गिअरबॉक्स रबर माउंटवर टांगलेले, म्हणजे बॉडीशी त्यांचा भरवशाचा विजेचा संबंध काय तो गिअरबॉक्सपासून बॉडीला गेलेल्या एका अर्थ स्ट्रॅपचा. ही गाडी 1969 ते 1976 बनली, म्हणजे सगळ्यात नवी असली तरी तिला अर्धशतक होत आलंय, आणि तो स्ट्रॅप एवढी वर्षं खाली चिखल-पाणी खात लटकलाय. तो गेला की करंट दुसरी वाट शोधतो, कधी अॅक्सिलरेटरच्या केबलमधून सुद्धा जातो आणि केबल तापते. इथे गडबड असेल ना, तर तुमचा रिले फारसा कामाचा नाही, कारण रिले पॉझिटिव्हच्या बाजूला बसतो आणि करंट परत जायची वाट आहे तशीच राहते. रिले टाकून पण फरक नाही, मग सेल्फ बदलला, मग बॅटरी बदलली, असं सांगणारे लोक दिसतात त्यातल्या कितींनी स्ट्रॅपचे बोल्ट काढून घासले असतील मला शंकाच आहे.

एक खाचखळगा मात्र आहे. ड्रॉप तेव्हाच दिसतो जेव्हा करंट वाहतोय. सोलेनॉइड ओढलाच गेला नाही तर मोठ्या केबलवर 0 दिसेल आणि तुम्ही म्हणाल वा, केबल एकदम ओके, पण तिच्यातून काही गेलंच नाही तर ड्रॉप येणार कुठून. त्यामुळे आधी कान लावा. पटापट टकटकटकटक वाजतंय तर बहुतेक बॅटरी उतरलीय किंवा तिचे कनेक्शन ढिले आहेत. एकच दणकट टक आणि पुढे काही नाही, तर सोलेनॉइड ओढला गेला पण पुढे मोटरला करंट नाही किंवा मोटरच अडकलीय. आणि काहीच आवाज नाही तर चावीपासून 50 नंबरपर्यंतचा (सोलेनॉइडला चावीकडून वायर येते ते टर्मिनल) जो बारीक वायरीचा रस्ता आहे तो बघायचा. हे करताना केबिनमधला दिवा लावून ठेवा, टक झाल्यावर तो पार विझत आला तर करंट ओढला जातोय पण बॅटरी किंवा कनेक्शन कमी पडतंय, आणि तसाच लख्ख राहिला तर करंट जातच नाहीये. (हेडलाइटने पण होतं, पण ह्या गाडीचे वर येणारे हेडलाइट आतून बघायचे म्हणजे समोर भिंत पाहिजे.)

बॅटरीवर जास्त लिहीत नाही, उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट आणि सेल्फ फिरवताना 9.6 च्या खाली जाऊ नये, एवढं बघितल्याशिवाय पुढचं काही मोजूच नका.

आता तुमचा स्क्रूड्रायव्हर. हा मुद्दा चांगला आहे, पण तुम्ही एक गोष्ट लिहिलीच नाहीत, हे तुम्ही गाडी तापून अडलेली असताना केलंत की सकाळी थंड गाडीवर? थंड असताना ती चावीने पण चालू होते, मग स्क्रूड्रायव्हरने चालू झाली ह्यातून काय कळलं, काहीच नाही. पण गरम, अडलेल्या गाडीवर 30 आणि 50 जोडल्यावर सेल्फ लगेच जोरात फिरला असेल तर मग मी तुमच्या बाजूने आहे, कारण ह्या एका टेस्टने मोठी केबल, अर्थ, सोलेनॉइड आणि मोटर असे सगळे एकदम सुटले, राहिली फक्त चावीकडून येणारी लाइन. (दोन्ही मोठे बोल्ट जोडू नका, मोटर नुसती जागच्या जागी गरगरेल आणि त्यातून काही सिद्ध होणार नाही. आणि गिअर पडलेला असेल तर गाडी अंगावर येते, हे गंमत म्हणून नाही सांगत.)

ती लाइन ह्या गाडीत लांब आहे, ह्यावर आपला वाद नाहीच. चावी पुढे, सेल्फ मागे गिअरबॉक्सवर, मधे कनेक्टर आणि रिले बोर्ड (गाडीचे रिले एकत्र बसवलेली पाटी). सोलेनॉइडच्या आत दोन गुंडाळ्या असतात, एक ओढणारी आणि एक धरून ठेवणारी, आणि ओढायच्या क्षणी दोन्ही मिळून जो करंट मागतात तो दोन्ही हेडलाइटपेक्षा जास्त असतो, तो सगळा त्या बारीक वायरीतून आणि इग्निशन स्विचच्या छोट्याशा कॉन्टॅक्टमधून यायचा. त्यात गाडी बंद केल्यावर हवा थांबते आणि इंजिनची धग सेल्फवर चढते. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण 0.39 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे 80 डिग्री जास्त तापलं की तीस टक्क्यांच्या वर, आणि त्यामुळे ओढ कमी. थंड असताना जेमतेम भागत होतं ते गरम झाल्यावर भागत नाही, एवढंच आहे ते "जगजाहीर" दुखणं.

पण नवीन असताना ह्याच लांबीच्या वायरीवर ह्या गाड्या चालू होत होत्या ना? मग मधल्या काळात काय बिघडलं ते शोधायला नको? गाडी गरम असताना बॅटरी पॉझिटिव्ह ते 50 नंबर असा ड्रॉप मोजा. एक व्होल्टच्या आसपास मला चालतो. अडीच-तीन आला तर मागे मागे सरकत जा, आधी रिले बोर्डच्या कनेक्टरपर्यंत किती, मग इग्निशन स्विचच्या 50 वर किती, आणि स्विचच्या 30 वर येतानाच किती कमी आहे. ज्या दोन जागांच्या मधे आकडा उडी मारतो, चोर तिथे आहे. बऱ्याचदा तो स्विचचा मागचा इलेक्ट्रिकल भाग निघतो, आतला कॉन्टॅक्ट जळून काळा झालेला.

तुमची गाडी अमेरिकेत विकलेली 1974 ची असेल तर अजून एक भानगड आहे. सीटबेल्ट लावल्याशिवाय सेल्फच लागू न देणारी सिस्टम त्या मॉडेल वर्षात तिथे सक्तीची होती, लोक इतके वैतागले की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायदा करून ती सक्ती काढावी लागली. पुढे बऱ्याच मालकांनी ती आपापल्या परीने बायपास केली, म्हणजे सेल्फच्याच लाइनमध्ये कुणीतरी कधीतरी वायरी पिळून टेप मारलेली असू शकते. रिले टाकलात तर तो जोड लपतो, जात नाही. रिलेच्या कॉइलला जेमतेम पाव अँपिअरही लागत नाही त्यामुळे खराब जोडातून पण तो ओढला जातो, आणि तो जोड पूर्ण सुटेल त्या दिवशी गाडी थंड असताना पण अडेल, तेव्हा तुम्ही नव्या रिलेला शिव्या द्याल.

"नवखे घाबरतात" असंही तुम्ही लिहिलंय. दोन प्रोब आणि चावी धरायला एक माणूस, ह्यात घाबरण्यासारखं काय आहे राव, न मोजता सेल्फ बदलून बघण्यापेक्षा तर स्वस्तच आहे.

तर सगळं मोजून झालं, स्विच आणि कनेक्टर साफ केले, आणि तरी गरम असताना 50 ला कमी पडतंय, तर खुशाल टाका रिले, स्विचवरचा भार कमी होतो हा फायदा मलाही मान्य आहे. 40 अँपिअरचा घ्या. रिलेच्या 30 ला सेल्फच्या 30 च्या मोठ्या बोल्टवरून जाड वायर, फ्यूज जितका बोल्टजवळ तितका बरा, रिलेच्या 87 वरून सोलेनॉइडच्या 50 ला, आधी 50 वर येणारी वायर आता 86 ला, आणि 85 अर्थला, अर्थ गिअरबॉक्सवर घ्या. रिले धगीपासून लांब आणि टर्मिनल खाली तोंड करून लावा म्हणजे पाणी साचणार नाही. आणि टाकायच्या आधी गाडी गरम असतानाची तिन्ही रीडिंग इथे लिहा, 30 चं, अर्थचं आणि 50 चं, प्रोब कुठे धरला होता त्यासकट. 50 चं सोडून बाकी दोन व्यवस्थित असतील तर मी पुढे काही वाद घालणार नाही.